शेताचे फाटक, रस्त्याची नाली आणि ग्रामपंचायतीचे अधिकार

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विभागातील व्याख्यात्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी कृषिविद्येचा माणूस. मेळाव्यात मला नेहमी वाण, पेरणीचे अंतर, खताची मात्रा आणि तणनियंत्रण या विषयांवर बोलावयास सांगतात. आज मात्र मी शेतात शिरण्यापूर्वीच्या दहा-पंधरा फुटांबद्दल बोलणार आहे. सार्वजनिक रस्ता संपतो आणि आपले शेत सुरू होते त्यामधील ही जागा होय. बैलगाडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई तेथूनच जाते. रस्त्याची नालीही तेथूनच वाहते. ही पट्टी आपली नसते, पण आपण ती आपलीच समजून वागतो. पुढचे बरेचसे तंटे यातूनच निर्माण होतात.

यात शेतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. मागील काही हंगामांत पिके पाहण्यासाठी गावोगावी फिरताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. रस्त्याकडेच्या शेतातील कपाशी किंवा तूर एका कोपऱ्यात बसलेली असते. शेतकरी म्हणतो, "साहेब, बियाणे खराब निघाले." मी रस्त्याच्या कडेने थोडा चालत जातो. तेथे कोणीतरी शेतात जाण्यासाठी नालीत मुरूम भरलेला असतो. त्या भरावाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलेले असते, आणि पीक बसलेला कोपरा नेमका तोच असतो.

आमच्या घरची गोष्ट

दुसऱ्याचे दोष सांगण्यापूर्वी स्वतःच्या घरचा सांगतो. २००३ साली आमच्या शेतालगतचा कच्चा रस्ता डांबरी झाला. गावाला फार आनंद झाला. पण रस्ता झाला तो अडीच-तीन फूट उंच. दोन्ही बाजूंना नाल्या खोदल्या गेल्या आणि आमची बैलगाडी शेतात उतरेना. त्या उन्हाळ्यात वडिलांनी आठ ट्रॉल्या मुरूम आणि धोंडे आणून नालीत टाकले. वर माती चोपली आणि छान उतार केला. पाईप टाकला नाही. कोणाला विचारले नाही. विचारावे असे त्यांच्या मनातही आले नाही.

जुलैमध्ये तीन दिवस झड लागली. आमच्या वरच्या अंगाला ज्यांचे शेत आहे त्यांना आम्ही काका म्हणतो. नाते रक्ताचे नाही, पण दोन पिढ्यांचा सालोसाल सावड होता. त्यांच्या शेताचे पाणी नालीतून आमच्या शेतासमोरून पुढे ओढ्याला जात असे. ते आता आमच्या भरावाला अडले आणि मागे फिरले. त्यांच्या कपाशीच्या जवळजवळ दीड एकरात चार दिवस पाणी साचून राहिले. पाऊस उघडला, कडक ऊन पडले आणि पाते-फुलावर आलेली झाडे दोन दिवसांत माना टाकून उभ्या जागी सुकली. यालाच आपण आकस्मिक मर म्हणतो. हा बुरशीचा रोग नव्हे. मुळांना हवा न मिळाल्याने झाड पाणी उचलू शकत नाही. हे मी पुढे कृषि महाविद्यालयात शिकलो. त्या वेळी मी दहावीत होतो.

काका घरी आले. म्हणाले, "भाऊ, तुमच्या भरावानं माझं पाणी कोंडलं. एक पाईप टाका." वडील म्हणाले, "नाली सरकारची, रस्ता सरकारचा. तक्रार करायची तर सरकारकडे करा." काकांनी ती केली. तहसीलदारांकडे प्रकरण चालले, पंचनामा झाला, तारखा पडल्या. आदेश काकांच्या बाजूने लागला आणि भराव काढावा लागला. पुढे कित्येक वर्षे दोन घरांत बोलणे नव्हते. बहिणीच्या लग्नाला ते आले नाहीत. बैलगाडी धुऱ्याच्या कडेने लांबून फिरवून न्यावी लागे.

२०११ साली मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना सुटीत घरी आलो आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तीन सिमेंटचे पाईप, थोडे दगडी बांधकाम आणि एक साधा अर्ज एवढ्यावर काम भागले असते. तारखांना जाण्या-येण्यात आणि मोडलेल्या सावडापायी लावलेल्या मजुरांत त्याहून जास्त पैसा गेला होता. म्हणून आजचा विषय मी कायद्याचा जाणकार म्हणून मांडत नाही. चूक झालेल्या घरातला मुलगा म्हणून सांगतो आहे.

रस्ता कोणाचा, हे आधी ओळखा

"रस्ता सरकारचा" हे वाक्य अपुरे आहे. सरकार म्हणजे नेमके कोण, यावर परवानगी कोणाकडे मागावयाची हे ठरते. आपल्या राज्यात रस्त्यांची विभागणी साधारणपणे अशी आहे :

(१) राष्ट्रीय महामार्ग – हे केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतात. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्यानुसार महामार्गावर वाहन नेण्यासाठीचा प्रवेश परवानगीनेच मिळतो. "माझे शेत महामार्गाला लागून आहे म्हणून मी कोठूनही चढेन" हे येथे चालत नाही.

(२) राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग – हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. १९५५ च्या महामार्ग कायद्याखाली अधिसूचित झालेल्या रस्त्यांना हद्द, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ठरवून देता येते. या रेषांच्या आत बांधकाम करण्यास अथवा रस्त्यावर येण्याची नवी वाट काढण्यास महामार्ग प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

(३) इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग – हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. आपल्यापैकी बहुतेकांची शेते याच रस्त्यांना लागून आहेत.

(४) गावातील गल्ल्या व ग्रामपंचायतीकडे निहित असलेले रस्ते – हे ग्रामपंचायतीकडे असतात. गावाची नगरपंचायत अथवा नगरपरिषद झाली असेल, तर तेथे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू होतो आणि अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे करावा लागतो.

(५) शिवरस्ते, पांदण रस्ते व शेतरस्ते – यांच्या नोंदी गाव नकाशात व महसूल दप्तरात असतात. वादाच्या वेळी तहसीलदार निर्णय देतात.

आता रस्त्याची रुंदी पाहू. डांबर दिसते तेवढाच रस्ता, असा आपला समज असतो. भारतीय रस्ते काँग्रेसने सपाट मुलखातील मोकळ्या भागासाठी रस्त्याच्या जमिनीची सर्वसाधारण रुंदी सुचविली आहे. ती ग्रामीण मार्गाला १२ मीटर, इतर जिल्हा मार्गाला १५ मीटर, प्रमुख जिल्हा मार्गाला २५ मीटर आणि राज्य व राष्ट्रीय महामार्गाला ४५ मीटर आहे. प्रत्यक्ष हद्द मोजणी व संपादनाच्या कागदांवरूनच ठरते. पण डांबराच्या दोन्ही बाजूंची साईडपट्टी आणि नाली रस्त्याचाच भाग असतात, हे ध्यानात ठेवावे. वखराचा फेर साईडपट्टीवर काढणे, नाली नांगरून दोन तास वाढविणे, रस्त्याच्या जागेत काटेरी तार रोवणे ही सर्व अतिक्रमणेच होत.

ग्रामपंचायत काय करू शकते ?

ग्रामपंचायतीच्या अधिकारांविषयी दोन टोकाचे समज आहेत. काहींना वाटते सरपंच म्हणतील ते खरे. काहींना वाटते पंचायतीला काहीच अधिकार नाहीत. दोन्ही समज चुकीचे आहेत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ मध्ये सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागांवरील अडथळे आणि अतिक्रमणे यांची तरतूद आहे. रस्त्यावर भिंत, कुंपण, खांब, ओटा, पायरी किंवा पुढे आलेले बांधकाम करणे हे त्यात येते. रस्त्याकडेची उघडी नाली किंवा गटार यांच्यात अथवा त्यांवर असा अडथळा उभा करणेही त्यात येते. म्हणजे आमच्या वडिलांनी टाकलेला मुरूम या व्याख्येबाहेर नव्हता. असा अडथळा काढून टाकण्याचा पंचायतीला अधिकार आहे. गायरान किंवा खाजगी मालकीची नसलेली अन्य जमीन विनापरवाना पेरली असेल, तर ते पीकदेखील काढता येते. काढण्याचा खर्च अडथळा करणाऱ्याकडून कराच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. पंचायतीने हात आखडता घेतल्यास जिल्हाधिकारी कारवाई करू शकतात.

कलम ५२ प्रमाणे गावाच्या हद्दीत इमारत बांधण्यासाठी पंचायतीची परवानगी लागते. फाटकालगत दुकानाचा गाळा, गोठा किंवा पक्की आवारभिंत बांधावयाची असेल, तर "शेत माझे आहे" एवढे पुरेसे नाही. लागू असलेली विकास नियंत्रण नियमावलीही पाहावी लागते.

आता या अधिकारांच्या मर्यादा पाहू.

पहिली मर्यादा अशी की, जागा शासनाकडे निहित असेल तर तेथील अतिक्रमण काढण्यापूर्वी पंचायतीने जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

दुसरी, जिल्हा परिषदेच्या अथवा बांधकाम विभागाच्या रस्त्यावर फाटक काढण्यास पंचायत स्वतःच्या अधिकारात परवानगी देऊ शकत नाही. तिचा ना-हरकत दाखला अर्जासोबत जोडण्याचा एक कागद आहे. तो परवानगी नव्हे.

तिसरी, एकाच्या शेतातून दुसऱ्याला नवी वाट काढून देणे हे पंचायतीचे काम नाही. तसा ठराव झाला तरी त्याने हक्क निर्माण होत नाही.

चौथी, नोटीस न देता आणि म्हणणे ऐकून न घेता कोणाचे फाटक पाडता येत नाही. रस्त्याला लागून जमीन असलेल्या माणसाला रस्त्यावर ये-जा करण्याचा हक्क आहे, हे न्यायालयांनी मानले आहे. प्राधिकारी त्या हक्काचे नियमन करू शकतात. म्हणजे वाट कोठून, किती रुंद आणि कोणत्या मोरीवरून हे ते सांगू शकतात. पण राजकीय वैरापायी एकाच घराची वाट बंद करणे हे नियमन नव्हे. अशा कारवाईविरुद्ध मुदतीत अपील करता येते. त्यासाठी आदेश लेखी मागून घ्यावा आणि त्यावरील तारीख जपून ठेवावी.

येथे पंचायत सदस्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. अतिक्रमण घरातील वडीलधाऱ्याने केले आणि सदस्य त्याचा लाभ घेत आहे, अशा प्रकरणातही अपात्रता लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. तेव्हा दुसऱ्याच्या फाटकाला नोटीस काढण्यापूर्वी स्वतःच्या ओट्याकडे एकदा पाहून घ्यावे.

तहसीलदारांकडे केव्हा जावे ?

यासाठी दोन कायदे आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

शेताला वाटच नाही आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून नवी वाट हवी आहे, अशा वेळी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ वापरावे. तहसीलदार जागेची पाहणी करतात. दुसऱ्या शेतकऱ्याचे कमीत कमी नुकसान होईल अशी वाट बांधावरून देता येते का, हे ते पाहतात. निर्णय मान्य नसल्यास एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

पूर्वीपासून चालू असलेली वाट कोणी अडविली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ वापरावे. याच कलमाखाली पाण्याचाही विचार होतो. शेतात पडलेल्या पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडविला आणि त्यामुळे पिकाचे किंवा जमिनीचे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असेल, तर तो अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. काकांनी हाच मार्ग धरला होता. मात्र अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. खरिपात पाणी तुंबले आणि "तूर निघू द्या, मग पाहू" म्हणत बसलात, तर मुदत निघून जाते.

सार्वजनिक रस्त्यावरील अडथळ्यामुळे लोकांना उपद्रव किंवा धोका होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, त्याचीच ही जागा आहे.

२०२५ साली महसूल विभागाने शेतरस्ते शक्यतो ३ ते ४ मीटर रुंदीचे द्यावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात घ्यावी, असे निर्देश दिले आहेत. ज्यांना आदेशाने वाट मिळाली आहे, त्यांनी ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्यांकडे, जाऊन ही नोंद अवश्य करून घ्यावी. तोंडी वाट एका पिढीपुरती चालते. शेत विकले गेले की नवा मालक कागद मागतो.

पाण्याचा हिशेब

आता माझ्या विषयाकडे येतो. फाटकाखाली केवढा पाईप टाकावा ? बहुतेक जण दुकानात स्वस्त मिळेल तो एक फुटी पाईप आणतात. तो का पुरत नाही, ते पाहा.

समजा, फाटकाच्या वरच्या अंगाचे १० एकर, म्हणजे ४ हेक्टर शेत त्या नालीत उतरते. तासाला ६० मि.मी. या वेगाने पावसाची सर आली. ४ हेक्टर म्हणजे ४०,००० चौरस मीटर. त्यावर तासाला २,४०० घनमीटर पाणी पडते. भारी काळी जमीन भिजून फुगलेली असेल, तर त्यातील साधारण ६० टक्के पाणी वाहून येते, असे धरू. ते होते १,४४० घनमीटर, म्हणजेच सेकंदाला ४०० लिटर.

दर २०० मीटरला १ मीटर उतार असताना सिमेंटचे पाईप पूर्ण भरून वाहू लागले, तर त्यांची क्षमता साधारणपणे अशी येते :

३०० मि.मी. (एक फूट) व्यास – सेकंदाला सुमारे ७० लिटर
४५० मि.मी. (दीड फूट) व्यास – सेकंदाला सुमारे २०० लिटर
६०० मि.मी. (दोन फूट) व्यास – सेकंदाला सुमारे ४३० लिटर

व्यास दुप्पट केला की क्षमता सहापटीहून अधिक वाढते. म्हणून एक फुटी दोन पाईप शेजारी-शेजारी टाकले, तरी दोन फुटी एका पाईपची बरोबरी होत नाही. शिवाय लहान पाईप पऱ्हाटी, कडबा आणि गाजर गवताने लवकर तुंबतो. दोन फुटी पाईपमध्ये फावडे घालून गाळ ओढता येतो. तेव्हा १० एकरांपर्यंत दोन फुटीपेक्षा कमी नको. क्षेत्र त्याहून मोठे असेल, तर अभियंत्याकडून मोरी काढून घ्यावी.

पाईप बसविताना पुढील काळजी घ्यावी :

(१) पाईपचा तळ नालीच्या तळाला बरोबर किंवा थोडा खाली असावा. वर ठेवल्यास तेवढे पाणी कायमचे मागे साचून राहते.

(२) वाहनांखाली एन.पी.-३ प्रतीचा पाईप वापरावा. सिमेंटचा पाईप सामान्यतः अडीच मीटर लांबीचा येतो. ५ मीटर रुंद वाटेसाठी दोन्ही बाजूंच्या उतारासह तीन पाईप लागतात.

(३) पाईपवर ६० सें.मी. भराव असावा. उंची तेवढी मिळत नसेल, तर पाईपभोवती काँक्रीट करावे. नाली फार उथळ असल्यास पाईपचा आग्रह सोडून दगडी फरशीचा खोलगट रपटा करावा. पाणी वरून जाते आणि चाकही जाते.

(४) दोन्ही तोंडांना दगडी भिंत बांधावी. नाही तर पहिल्याच पावसात भराव वाहून नालीत बसतो.

(५) मृग निघण्यापूर्वी एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा पाईप व नाली साफ करावी. नालीतील बेशरम आणि गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे. तण वाढू देऊन पुढे फवारण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

फाटक कोठे आणि कसे असावे ?

वळणावर, पुलाच्या तोंडाशी किंवा चढाच्या माथ्यावर फाटक काढू नये. समोरून येणारे वाहन लांबून दिसले पाहिजे, आणि आपली गाडी त्याला दिसली पाहिजे. शेजाऱ्याची वाट जवळच असेल आणि दोघांची संमती असेल, तर धुऱ्यावर दोघांत मिळून एकच फाटक काढावे. एकच मोरी, अर्धा खर्च आणि रस्त्यावर धोक्याची जागाही एकच. अशी संमती कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

फाटक रस्त्याच्या हद्दीवर न लावता शेतात ८ ते १० मीटर आत लावावे आणि ते आतल्या बाजूला उघडावे. ट्रॅक्टर-ट्रॉली उभी करून माणूस फाटक उघडावयास उतरतो. तेव्हा ट्रॉलीचे मागचे टोक डांबरावर राहू नये. संध्याकाळी बिनदिव्याच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून घरेच्या घरे बसली आहेत. आज सोयाबीन-हरभऱ्याच्या कापणीला हार्वेस्टर येतो. त्याचा कापणीचा पट्टाच १४ फुटांचा असू शकतो. म्हणून वाट ५ मीटर रुंद ठेवणे सोयीचे.

उतार दहास एकपेक्षा तीव्र नसावा, आणि रस्त्यालगतचे पहिले काही मीटर सपाट असावेत. फाटकापासून रस्त्यापर्यंत मुरूम-खडी दाबून घ्यावी. काळ्या मातीचा चिखल चाकांबरोबर डांबरावर येतो आणि त्यावर दुचाकी घसरते. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर तर डांबरावर नेऊच नये.

पिकांची मांडणीही याच्याशी निगडित आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना १५ मीटरपर्यंत रस्त्याकडेच्या तासांत ज्वारी, तूर किंवा ऊस घेऊ नये. तेथे मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन किंवा रब्बीत हरभरा घ्यावा. पीक बुटके असले म्हणजे गाडीवानाला रस्ता दिसतो. कुंपणासाठी सागरगोटा किंवा घायपात लावावयाची झाल्यास ती स्वतःच्या हद्दीत दोन-तीन फूट आत लावावी. ती पसरली म्हणजे साईडपट्टी गिळते.

अर्ज कसा करावा ?

अर्ज साधा असतो. रस्त्याचा प्रकार, क्रमांक व किलोमीटर दगड यांचा उल्लेख करावा. सोबत सातबारा, गट नकाशाची प्रत आणि हाताने काढलेला आराखडा जोडावा. आराखड्यात फाटकाची जागा, वाटेची रुंदी, पाईपचा व्यास आणि पाणी वाहण्याची दिशा बाणाने दाखवावी. वरच्या व खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांची संमती असल्यास काम सोपे होते. अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. रस्त्याची मालकी कोणाकडे आहे हे कोणी सांगत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली नोंदीची प्रत मागता येते.

आणि रस्त्याचे नवे काम सुरू असेल तर हीच खरी वेळ आहे. कंत्राटदाराची यंत्रे गावात असतानाच ग्रामसभेत सर्व शेतांच्या वाटांची यादी करावी आणि त्या ठरावासह बांधकाम विभागाकडे मोऱ्यांची मागणी करावी. आमच्या गावाने २००३ साली हे केले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

मेळाव्यातील काही प्रश्न

प्रश्न : आमची वाट चाळीस वर्षांपासून आहे. आता रस्ता उंच झाला. तरी परवानगी घ्यावी लागेल काय ?
उत्तर : वाट जुनी असली तरी नालीत नवे बांधकाम होणार आहे. म्हणून लेखी कळवून मान्यता घ्यावी. वाट जुनी असल्याचा पुरावा, म्हणजे गाव नकाशा, जुने फोटो किंवा शेजाऱ्यांचे जबाब, अर्जात जोडावा. तो तुमच्या बाजूचा आधार आहे.

प्रश्न : सरपंचांनी तोंडी हो म्हटले आहे. काम सुरू करू का ?
उत्तर : करू नये. सरपंच बदलतात, कागद राहतो. शिवाय रस्ता पंचायतीचा आहे की जिल्हा परिषदेचा, हे आधी पाहावे.

प्रश्न : शेजाऱ्याने नाली बुजविली आहे. आम्ही रात्री जाऊन फोडली तर ?
उत्तर : तुम्ही फिर्यादीचे आरोपी व्हाल. फोटो काढा, ग्रामपंचायत व रस्त्याच्या विभागाला लेखी कळवा, आणि सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज करा. त्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन बसा.

समारोप

बंधूंनो, २०११ च्या मे महिन्यात आम्ही जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे रीतसर अर्ज केला. अर्जाला काकांची संमती हवी होती. मी आणि वडील त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी आराखडा पुढे ठेवला आणि म्हणाले, "तेव्हा तुम्ही पाईपच मागितला होता." काकांनी आराखडा नीट पाहिला. पाणी कोणत्या बाजूने जाईल ते मला विचारले आणि सही केली. पाईप बसविण्याच्या दिवशी ते स्वतः टिकाव घेऊन आले. त्या वर्षीच्या कपाशीच्या वेचणीला दोन्ही घरांचा सावड पुन्हा सुरू झाला.

कायदा तुम्हाला वाट देतो आणि ग्रामपंचायतीला ती शिस्तीत ठेवण्याचा अधिकार देतो. दोन्ही गोष्टी पाणी वाहते ठेवण्यासाठीच आहेत. यंदा पेरणीपूर्वी एक काम करा. आपल्या फाटकाशी उभे राहा, नालीत वाकून पाहा आणि विचारा, वरच्या शेतातील पाणी येथून जाईल काय ? उत्तर नाही असे असेल, तर मृगाला अजून थोडे दिवस आहेत.